झाडं ग्रिलमध्येच राहतील

आमच्या इमारतीत मला सगळे मावशी म्हणतात. समोरच्या फ्लॅटमधली बाई माझ्यापेक्षा मोठी आहे, तिला काकू म्हणतात. तळमजल्यावरची माझ्याच वयाची, ती वहिनी. मावशी दोघीच: एक मी आणि दुसरी जिने झाडायला येणारी. यात काय फरक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुठल्याही सोसायटीत महिनाभर कान उघडे ठेवून राहावं.

कारण सगळ्यांना माहीत आहे. ठाकुर्लीच्या याच इमारतीत मी पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन यायचे. जुने कपडे द्या, स्टीलची भांडी घ्या. बोहारीण. पाटी घेऊन लिफ्टमध्ये चढायचं नाही असा नियम होता, म्हणून जिन्याने. जिन्याच्या पायरीवर बसून साडी उलगडायची, उजेडात धरून विरली आहे का बघायची, काठ चिमटीत धरून जर खरी की खोटी ते ठरवायचं आणि मग तोंड वाजवायचं. पातेल्याचा सौदा ठरला की प्रत्येक बाई म्हणायची, "वर एक वाटी दे ना गं." वर एक वाटी, वर एक चमचा. त्या 'वर'शी भांडत भांडत मी डोंबिवलीत भांड्यांचं दुकान उभं केलं आणि नंतर याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. आता मी लिफ्टने जाते. हाक मात्र पाटीच्या वेळचीच राहिली.

हे आधी सांगून टाकलं, कारण गेल्या पावसाळ्यात सोसायटीने माझी झाडं काढून टाका म्हणून नोटीस लावली, तेव्हा ते भांडण नुसतं डासांचं होतं असं मला कोणी समजावू नये.

झाडं म्हणजे ब्रोमेलियाड. अननसाच्या घराण्यातली. लांब पट्ट्यासारखी पानं, वरून हिरवी आणि खालून वांग्याच्या सालीसारखी जांभळी. ही पानं मधोमध एकमेकांत घट्ट बसतात आणि त्यांचा पेला तयार होतो. पाणी त्या पेल्यात साठतं आणि झाड तिथूनच पितं. चार-पाच वर्षांचं झालं की पेल्यातून लाल काडी वर येते, काडीवर लाल मणी, मण्यांच्या टोकाला इवलंसं जांभळं फूल. एका झाडाला एकदाच. नर्सरीत विकत मिळतात ती तयार झाडं. माझी मी बियांपासून वाढवली आहेत.

पहिल्यांदा बघितलं ते ठाण्यात. मुलगी खोपटला दिलीय. तिच्याकडे जाताना वाटेत एक नर्सरी लागते, तिथे हे झाड पुढेच मांडलेलं. मी भाव विचारला. नर्सरीवाल्याने सांगितला. मी निम्म्यावर आणला, सवयीने. तो हसला आणि बाजूच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मावशी, ही कोथिंबीर नाही. तुम्ही मोगरा बघा, तिकडे आहे."

अनोळखी माणूस, मला आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. तरी मावशीच. माझं डोकं फिरलं. कचऱ्याच्या ढिगावर त्याच झाडाची एक वाळायला लागलेली काडी पडली होती, मण्यांसकट. ती उचलली.

"ही घेऊन जाते. फुकट आहे ना?"

"न्या की. पण त्यातून काही होत नाही. आम्हीसुद्धा आईच्या बुडाची पिल्लं काढून लावतो. बी लावून चार वर्षं कोण बसणार?"

"मी बसेन. डोंबिवलीला, माझ्या घरी."

"डोंबिवलीच्या हवेत?"

"हवा काय तुमच्या नर्सरीतून जाते का आमच्याकडे?"

तो पुन्हा हसला. त्या हसण्यासाठी मी चार वर्षं घालवली असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. लोक याहून फालतू गोष्टींसाठी आयुष्य घालवतात.

पहिलं वर्ष मात्र वाया गेलं, आणि तेही मी फार जाणती असल्यामुळे. मी कोकणातली. आई भोपळ्याचं, पडवळाचं बी राखेत घोळवून, वाळवून गाडग्यात ठेवायची आणि पावसाच्या तोंडावर पेरायची. मीही तेच केलं. आता फ्लॅटमध्ये राख कुठली? खालच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली. मणी फोडून आतलं चिकट बी राखेत घोळवलं, गच्चीत कडकडीत वाळवलं, पुडी बांधून डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली. पावसाळ्यात कुंडीत पेरून मेथीला पसरतो तशी वरून माती पसरली. वाट बघितली. गवत आलं, कुठून तरी तुळशीचं रोप आलं, ब्रोमेलियाड काही आलं नाही.

आमचे हे म्हणाले, "नसेल उगवत गं. तो नर्सरीवाला एवढी वर्षं धंद्यात आहे."

"मीपण धंद्यात आहे," मी म्हटलं.

नंतरच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच नर्सरीत गेले. फुलं येऊन गेलेल्या झाडांवर काड्या होत्या. विचारायचं कसं, या विचारात फिरत होते, तेवढ्यात एका टांगलेल्या टोपलीकडे लक्ष गेलं. वरच्या झाडाचा एक पिकलेला मणी खालच्या टोपलीतल्या ओल्या काथ्यावर पडून फुटला होता, आणि तिथे हिरवे ठिपके होते. मातीत नाही, राख नाही, वाळवणं नाही. उघड्यावर, ओलसर, तसेच. मी वाकून बघत राहिले.

"काय शोधताय?" नर्सरीवाल्याने हाक मारली.

"कानातलं पडलंय," मी म्हटलं.

तो बिचारा माझ्याबरोबर खाली शोधायला लागला. मी मनात स्वतःला शिव्या घालत होते. फणसाची आठळी वाळली की रुजत नाही, ती ओलीच लावायची, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हे बीही त्याच जातीचं. मीच त्याला भोपळ्याच्या पंगतीत बसवलं होतं.

धंद्यातला एक नियम आहे. आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कधी कळू द्यायचं नाही. मी एक सिमेंटची कुंडी पसंत केली. मला नको होती. तिच्यावर घसा बसेपर्यंत घासाघीस केली. तो कंटाळला, मी हो म्हटलं, आणि निघता निघता बोट दाखवलं. "वर ती काडी द्या."

"ती वाळत आलीय हो."

"असू दे. देवापुढे ठेवीन."

त्याने मोडून दिली. वर एक वाटी मागणाऱ्या समस्त बायकांना मी त्या दिवशी मनातून थोडी माफी दिली. थोडीच.

घरी आल्या आल्या, हातपाय न धुता, मणी पिळले. आतला गर भेंडीसारखा बुळबुळीत. चहाच्या गाळणीत घालून नळाखाली धुतला, जुन्या मलमलीवर चोळला, तेव्हा कुठे बी मोकळं झालं. मिठाईचा पारदर्शक डबा घेतला, त्यात भिजवून पिळलेला काथ्याचा भुसा भरला, वर बी नुसतं शिंपडलं. माती नाही. झाकण लावून डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, उजेड लागेल आणि ऊन लागणार नाही असा. दोन आठवडे होत आले असतील, सकाळी चहा टाकताना झाकण उघडलं तर काथ्यावर हिरवं धुकं आल्यासारखं दिसलं. ह्यांना चष्मा घालून यायला सांगितलं.

"शेवाळ आहे," हे म्हणाले.

"नीट बघा."

बराच वेळ बघून म्हणाले, "शेवाळाला पानं नसतात, नाही का?"

पुढचं वर्ष नुसतं जपण्यात गेलं. झाकण लावून ठेवलं तर बुरशी, उघडं ठेवलं तर सुकून जातात. निम्मी रोपं बुरशीत गेली. उरलेली उदबत्तीच्या काडीने एकेक उचलून श्रीखंडाच्या डब्यांत लावली. वर्षभराने ती बोटाच्या नखाएवढ्या चांदण्या झाल्या होत्या. एवढ्या हळू वाढणारी गोष्ट मी आयुष्यात बघितली नव्हती. दुकानात गिऱ्हाईक पाच मिनिटं जास्त थांबलं तर माझा आवाज चढतो, आणि इथे मी रोज त्याच चांदणीकडे बघायचे. मग छोट्या कुंड्या, काथ्या आणि विझलेल्या कोळशाचे तुकडे. मग मोठ्या कुंड्या. एकाच काडीचं बी, पण दोन झाडं सारखी निघाली नाहीत. काहींची पानं खालून इतकी गडद की काळी वाटावीत, काही फिकट, एकाच्या पानाला काठाने पांढरी रेघ. नर्सरीत सगळी एका साच्यातली असतात. ही रेघवाली तिथे मिळणार नाही, कितीही मोजा.

तिसऱ्या वर्षी ग्रिल भरली. इमारतीतले लोक खालून बघून विचारायचे, "मावशी, अननस कधी वाटताय?" मीही सांगायचे, "तुमच्या तोंडाला खाज सुटेल, तुम्हाला सोसायचा नाही."

मग गेला पावसाळा आला. इमारतीत दोघांना डेंग्यू झाला, त्यातली एक सेक्रेटरींची सून. ती बरी झाली, पण घरात सगळे घाबरले होते. ती भीती खरी होती, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. महापालिकेची माणसं घरोघर फिरून गेली, साठलेलं पाणी ओता, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असं सांगून गेली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. पाण्याची टाकी नाही, गच्चीवरची ताडपत्री नाही. 'पानांत पाणी साठणाऱ्या वनस्पती' रविवारपर्यंत काढून टाकाव्यात. तशा वनस्पती अख्ख्या इमारतीत एकाच घरात होत्या. नाव लिहायचं राहिलं होतं एवढंच.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं अगदी तोलून मापून. मी जिन्यातच गाठलं.

"वैयक्तिक घेऊ नका, मावशी. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला? दुसऱ्या कोणाकडे आहेत ही झाडं?"

"तो योगायोग झाला."

"तुमच्या योगायोगाला माझ्या घराचा नंबर बरा सापडला!"

आणि त्याच आठवड्यात सगळ्यात मोठ्या झाडाच्या पेल्यात मला तळाशी लाल टोक दिसलं होतं. पाण्याखाली, तांदळाच्या दाण्याएवढं. मी बॅटरी मारून तीनतीनदा बघितलं. काडी येत होती. चार वर्षं जिच्यासाठी थांबले ती यायला निघाली, आणि सोसायटी म्हणते रविवारी कचऱ्याच्या गाडीत टाका. रविवारी मी झाडं काढली नाहीत. सोमवारी दुसरी नोटीस. मी तिच्या खाली पेनाने 'काढणार नाही' लिहिलं आणि सही केली. मग मीटिंग लागली.

मीटिंग पार्किंगमध्ये. नेहमीप्रमाणे कोरम नाही, मग नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब, मग आहेत तेवढ्यांत सुरू. तो अर्धा तास मी वाया घालवला नाही. दुकानातून आणलेली सगळ्यात मोठी परात घेतली, ह्यांना कामाला लावलं, आणि लिफ्टने फेऱ्या मारून एकूणएक कुंडी खाली आणली. पार्किंगमध्ये रांगेत मांडली. स्कूटर लावायला जागा राहिली नाही.

"हे काय प्रदर्शन?" चेअरमन म्हणाले.

"तपासणी. ह्या झाडांत डास होतात म्हणता ना? तुम्ही बोट ठेवा ते झाड मी या परातीत ओतते. सगळ्यांसमोर. निवडा."

कोणी पुढे होईना. शेवटी सेक्रेटरी उठले. पहिलं झाड त्यांनी कडेचं निवडलं. मी कुंडी उचलून उलटी केली. परातीत पाणी, एक मेलेला मुंगळा, पानाचा चुरा. दुसरं मधलं. स्वच्छ पाणी. मी परात ओतून पुसली. तिसऱ्या वेळी ते रांगेपुढून हळूहळू चालले आणि नेमके सगळ्यात मोठ्या झाडापुढे थांबले. ज्यात लाल टोक होतं तेच.

नाही म्हणता येईना. मीच निवडा म्हटलं होतं. काडी अजून तळाशीच होती, मोडणार नाही हे मला कळत होतं, तरी कुंडी दोन्ही हातांनी धरून हळूहळू तिरपी केली. पाणी परातीत पडलं. सगळे वाकले. स्टीलच्या चकचकीत तळावर दोन अळ्या वळवळत होत्या.

मग मागून कोणीतरी खुसकन हसलं.

माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. मी दर गुरुवारी सगळे पेले ओतायचे, धुवायचे, नवं पाणी घालायचे. पण दुसरी नोटीस लागल्यावर मुलीच्या बाळंतपणासाठी दहा-बारा दिवस मी खोपटला होते, मीटिंगच्या आदल्या रात्रीच परतले होते.

"चूक माझी आहे," हे मागून म्हणाले. "मी वरून पाणी घालत राहिलो. ओतायचं असतं ते माझ्या लक्षात..."

"तुम्ही गप्प बसा!" मी ओरडले. माझ्या माणसाने त्यांच्यापुढे मान खाली घातलेली मला बघवत नव्हती.

सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले, "आता पुरावाच समोर आहे. तरी सोसायटी कठोर होणार नाही. निम्मी ठेवा, निम्मी काढा. ठीक आहे?"

मी उभ्या जन्मात जेवढे सौदे केले त्यांत एक गोष्ट शिकले. पुरावा हातात असून जो आपणहून निम्म्यावर येतो, त्याचा स्वतःच्याच मागणीवर विश्वास नसतो. तिथे माझं डोकं एकदम थंड झालं.

"अळ्या निघाल्या," मी म्हटलं. "माझ्या झाडातून निघाल्या. मी बघितल्या, तुम्ही बघितल्या. झाडात नाही, पाण्यात होत्या. दहा दिवस न ओतलेल्या पाण्यात. निम्मी झाडं काढली तर उरलेल्या निम्म्यांत डास होणार नाहीत, असं कोणत्या बँकेत शिकवतात?"

"मावशी, आवाज..."

"आवाज असाच आहे. ह्याच आवाजावर घर घेतलंय. आता ही परात सगळ्यांच्या घरी नेऊ या. चेअरमनसाहेब, तुमचं तळमजल्यावर, जवळ आहे. तुमच्या हॉलमध्ये काचेच्या भांड्यात बांबू आहेत ना, खाली रंगीत गोटे? तिथून सुरू करू."

चेअरमननी बायकोकडे बघितलं. वहिनी ताडकन म्हणाल्या, "आमचं शोभेचं आहे!"

"डासाला शोभा कळते का, वहिनी?"

आता हसणं दुसऱ्या बाजूने आलं. कोणीतरी म्हणालं, मनी प्लांटच्या बाटल्या आमच्याकडेही आहेत. दुसरं म्हणालं, फ्रिजच्या मागचा ट्रे मी तर कधी काढलाच नाही. वहिनी उठून घरात गेल्या, दार लागल्याचा आवाज आला, आणि आतून नळ सोडल्याचाही. सगळ्यांनी ऐकला.

पार्किंगच्या कठड्यावर एक आजोबा बसले होते. इमारत ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी त्यांची होती, भात व्हायचं तिथे. इतका वेळ त्यांच्या डुलक्या चालल्या होत्या. ते एकदम म्हणाले,

"अगो बाय, सगल्यांनीच वता ना पानी! झारां कशाला टाकतांव? जेवाची येल झाली."

ठराव झाला तो असा: दर गुरुवारी संपूर्ण इमारतीत कोरडा दिवस. सगळ्यांनी सगळं साठलेलं पाणी ओतायचं. आणि माझी झाडं मात्र कमिटीच्या दोन सदस्यांसमोर ओतायची, बाकीच्यांवर विश्वास. हे शेवटचं कलम सेक्रेटरींनी घातलं. मला ते अजून झोंबतं. तिथेच मी आणखी ओढू शकले असते. पण कुंड्या पुन्हा वर न्यायच्या होत्या आणि ह्यांची कंबर धरली होती.

पहिल्या गुरुवारी दोन सदस्य आले. मी एकेक पेला त्यांच्या नाकाखाली ओतला. सगळी झाडं होईपर्यंत त्यांना उभं ठेवलं, चहाही विचारला नाही. दुसऱ्या गुरुवारी एकच आला, मध्येच फोन आला म्हणून गेला. तिसऱ्या गुरुवारपासून कोणी नाही. मी मात्र एकही गुरुवार चुकवलेला नाही. दुकान उशिरा उघडते, पण पेले ओतते. चेअरमनकडचे बांबू गणपतीनंतर दिसले नाहीत. सेक्रेटरींच्या सुनेने एकदा लिफ्टमध्ये विचारलं, "ते लाल आलं का हो?" मी म्हटलं, येतंय. तिच्यावर माझा राग नाही. सासऱ्यांवर आहे आणि तो राहील.

दिवाळीच्या सुमारास काडी पेल्याच्या वर आली. आधी वाटलं तेवढी सरळ नाही, जराशी कललेली. उलटी केली तेव्हा धक्का बसला असेल. मग मणी भरले, लाल, लाखेच्या खेळण्यासारखे चकचकीत, आणि एकेका मण्यातून जांभळं टोक निघालं. पाठोपाठ आणखी तीन झाडांनी काड्या काढल्या, त्याही थोड्या कललेल्याच. त्या रेघवाल्याने अजून नाही काढली. काढेल.

बोर्डावर ती दुसरी नोटीस अजून आहे. काढून टाका असं मला दोघा-तिघांनी सुचवलं, संबंध गोड होतील म्हणाले. मी काढणार नाही आणि त्यांनाही काढू देणार नाही. खाली माझी सही आहे, ती राहू दे.

आमची ग्रिल गेटच्या बाजूला आहे. झाडं आपलं तोंड उजेडाकडे करतात, पण कललेली काडी आपल्याला हवी त्या दिशेला येईल अशी कुंडी फिरवता येते. मी चारही कुंड्या फिरवल्या आहेत. सेक्रेटरी सकाळी फिरून परत येतात, रस्ता ओलांडतात आणि गेटशी पोचायच्या आधीच समोर तिसऱ्या मजल्यावर त्यांना चार लाल काड्या दिसतात, त्यांच्याच दिशेला वाकलेल्या. ज्याला बघायच्या नसतील त्याने मागच्या गेटने यावं.